मासा, कासव, वराह आणि आमचा संकासूर

सुमारे तीस वर्षांपूर्वी अशाच एका दिवाळी अंकात मी एक लेख लिहिला होता. ‘दशावतार आणि उत्क्रांतिवाद’ असे त्याचे भारदस्त नाव. लेखाचे कौतुक बरेच झाले. दोनतीन गावच्या वाचनालयांनी व्याख्यानाला बोलावले, आणि एका शाळेने तर तो स्नेहसंमेलनात मोठ्याने वाचून दाखविला. लेखाचा मथितार्थ वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही, कारण तो घरोघरी ठाऊक आहे. आधी मासा, म्हणजे जलचर. मग कासव, म्हणजे जळात नि थळात दोन्हीकडे राहणारा प्राणी. मग वराह, म्हणजे भूचर. मग नरसिंह, अर्धा पशू आणि अर्धा माणूस. मग वामन, खुजा आदिमानव. मग परशू घेतलेला, मग धनुष्य घेतलेला, मग नांगर आणि गाईगुरे घेतलेला. डार्विनने १८५९ साली जे सांगितले ते आमच्या पूर्वजांनी आधीच सांगून ठेवले होते, असा शेवटी विजयाचा शंख.

आज मला तो लेख मागे घ्यावयाचा आहे. ज्या जागी चूक केली त्याच जागी ती कबूल करावी, म्हणून पुन्हा दिवाळी अंकच निवडला.

त्या लेखातली कल्पना माझी नव्हती, ती आमच्या बाबांची होती. बाबा मालवणात शास्त्र आणि चित्रकला असे दोन्ही विषय शिकवीत. हल्ली असा संयोग दुर्मिळ. त्यांनी स्वतःच्या हाताने एक मोठा तक्ता रंगविला होता. डाव्या बाजूला दहा अवतार वरून खाली, आणि उजव्या बाजूला त्यांच्यासमोर जीवशास्त्रातल्या पायऱ्या. तो आमच्या पडवीत आजही टांगलेला आहे. मी वाचावयास शिकलो तो काही अंशी त्या तक्त्यावर. गेल्या वर्षी माझी नात, जी बारावीला जीवशास्त्र घेऊन बसली आहे, त्या तक्त्यापुढे उभी राहिली आणि म्हणाली, “आजोबा, ह्यां कासव हय कित्याक?”

मी म्हटले, “पाण्यातून जमिनीवर येणारा प्राणी म्हणून.”

“पण ता बेडकाचा काम. कासव सरपटणाऱ्यातला. आणि समुद्रातला कासव तर जमनीवरसून परत पाण्यात गेल्लां.”

मी पुस्तके काढून पाहिली. पोरीचे खरे होते. समुद्रकासवांचे पूर्वज जमिनीवरचे सरपटणारे प्राणी. ते समुद्राकडे परतले आणि अंडी घालण्यापुरते तेवढे वाळूवर येत राहिले. वेंगुर्ल्याकडे वायंगणीच्या किनाऱ्यावर हे दृश्य दर हंगामात पाहावयास मिळते आणि कोळ्याच्या पोराला त्याचे काही अप्रूप नाही. म्हणजे ज्या प्राण्याला आम्ही ‘पाण्यातून वर’ या पायरीवर बसविले, तो प्रत्यक्षात उलट दिशेने चाललेला. तक्त्याची एक वीट निसटली, आणि मग मी बाकीच्या हलवून पाहिल्या.

माशाला ‘पहिला जीव’ म्हटले होते. माशांचा उगम सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्याही आधी ३०० कोटी वर्षे या पृथ्वीवर जीव नांदत होते, त्यांतले बहुतेक डोळ्यांना न दिसणारे. त्यांचा अवतार कोठे आहे? वनस्पती कोठे आहेत, कीटक कोठे आहेत? वराह आणि सिंह यांच्यापैकी कोणीही मनुष्याचा पूर्वज नाही. पण हे झाले शास्त्राच्या बाजूचे. खरी गंमत पुराणाच्या बाजूला आहे, आणि ती माझ्यासारख्या पुराणे वाचलेल्या माणसाच्या लक्षात येऊ नये याची मला अधिक लाज वाटते.

नरसिंहाने हिरण्यकशिपूला मारले ते प्रल्हादासाठी. प्रल्हादाचा मुलगा विरोचन आणि विरोचनाचा मुलगा बळी. त्या बळीपुढे वामन उभा राहिला. म्हणजे चौथ्या आणि पाचव्या अवतारांत अंतर किती? आजोबा आणि नातू यांच्यात असते तेवढे! नरसिंह हा पशुत्वातून मनुष्यत्वाकडे जाण्याचा युगप्रदीर्घ टप्पा असेल, तर मग प्रल्हाद हा पूर्ण वाढलेला, अस्खलित बोलणारा मुलगा त्याच्या मांडीपाशी हात जोडून काय करतो आहे? परशुरामाने वाटेत रामाला अडविले, आणि पुढे भीष्माला नि कर्णाला अस्त्रे शिकविली. म्हणजे ‘कुऱ्हाडीचे युग’ धनुष्याच्या युगातही होते आणि त्याच्या पुढच्याही युगात होते. नांगर तर आम्ही बलरामाच्या खांद्यावर देऊन तेथे शेतीचा आरंभ मानला. पण रामाची सीता सापडली कोठे? जनकाच्या नांगराच्या तासात. ही गोष्ट लहान मुलाला ठाऊक असते, आणि मी ती व्याख्यानांतून सांगतही असे, पुढच्याच वाक्याला नांगराचा शोध आठव्या अवतारात लावीत!

याहून मोठी अडचण म्हणजे तो क्रमच एक नाही. भागवताच्या पहिल्या स्कंधातल्या तिसऱ्या अध्यायात अवतारांची यादी आहे. तीत पहिले सनत्कुमार, दुसरा वराह. नारद, कपिल, दत्त, ऋषभ, पृथू हे सर्व होऊन गेल्यावर दहावा मत्स्य आणि अकरावा कूर्म. म्हणजे डुक्कर आधी, मासा नंतर, आणि ब्रह्मचारी ऋषिकुमार सर्वांच्या आधी. शिवाय अवतार मोजता येणारच नाहीत, असेही तेथे म्हटले आहे. त्याहून जुन्या ग्रंथात गेले तर शतपथ ब्राह्मणातला मनूचा मासा हा विष्णू नव्हेच. आणि कासव नि पृथ्वी वर काढणारा वराह यांचे नाते विष्णूशी नसून प्रजापतीशी आहे. निरनिराळ्या काळच्या, निरनिराळ्या गोष्टी नंतर एका दोऱ्यात ओवल्या गेल्या. दोरा ओवणाऱ्याने सोयीचा क्रम लावला. आम्ही त्या दोऱ्यावरून समुद्राची खोली मोजू लागलो.

मग ही कल्पना आली कोठून? आमच्या कीर्तनकारांकडून नव्हे. मादाम ब्लाव्हॅट्स्की यांनी न्यूयॉर्कमध्ये १८७७ साली छापलेल्या ग्रंथात ती आहे. १८८२ साली केशवचंद्र सेनांनी कलकत्त्यात दिलेल्या व्याख्यानात ती आहे. दोघांचेही हेतू वाईट नव्हते. राज्य गेलेले, धर्मावर मिशनरी रोज टीका करणार, आणि वर विलायतेहून एक नवे शास्त्र आलेले; अशा वेळी ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणणाऱ्याला थोडा धीर येतो. बाबांनाही तो धीरच हवा असावा. पण आपल्या पोथीला मान मिळावा म्हणून दुसऱ्याच्या शास्त्राची चिठ्ठी तिला चिकटवावी लागते, यात पोथीचा मान कसला? शास्त्र उद्या बदलले, आणि ते बदलतेच, तर चिठ्ठी उपटून नवी लावावयाची काय?

अवतारांच्या क्रमाचा दुसरा एक अर्थ मराठीतच, आणि या दोघांच्याही आधी लावला गेला होता, तो मात्र माझ्या त्या लेखात नव्हता. राहून गेला असे म्हणणे खोटे होईल. मी तो टाळला होता. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ सालची. तीत जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादातून मत्स्य, कच्छ, वराह, नरसिंह, वामन, परशुराम असे एकामागून एक प्रकरण घेतले आहे. जोतीरावांच्या मते हा क्रम जीवांच्या विकासाचा नसून बाहेरून आलेल्या टोळ्यांच्या स्वाऱ्यांचा आहे. मासा म्हणजे मचव्यांतून समुद्रमार्गे आलेल्या टोळीचा नायक. आणि त्याने मारलेला शंखासुर म्हणजे या किनाऱ्यावरचा इथला राजा. वामनाने बुडविलेला बळी हा इथल्या रयतेचा धनी. म्हणूनच दिवाळीच्या पाडव्याला आमच्या आया-आज्या ‘इडा पिडा टळो, बळीचे राज्य येवो’ म्हणत ओवाळतात, वामनाचे राज्य येवो म्हणत नाहीत. आणि परशुराम चिरंजीव म्हणवितो ना, मग त्याने सहा महिन्यांच्या आत हजर व्हावे, अशी नोटीसच जोतीरावांनी त्याच्या नावाने काढली आहे. मराठी गद्यात इतके खट्याळ आणि इतके गंभीर पत्र दुसरे मला ठाऊक नाही.

इतिहास म्हणून हे वाचन टिकते काय? माझ्या मते टिकत नाही. मासा म्हणजे मचवा, ही शब्दांची ओढाताणच. तेथे जोतीरावांनी आणि माझ्या बाबांनी एकच गोष्ट केली: गोष्टीची तारीख शोधली. पण एका बाबतीत जोतीराव आम्हा सर्वांच्या पुढे आहेत. हा क्रम कोणी लावला आणि त्यात वरच्या जागी कोणाला बसविले, असे त्यांनी विचारले. ब्रह्मदेवाच्या मुखापासून पायापर्यंत चार वर्ण निघाले, या गोष्टीने पुस्तकाचा आरंभ होतो तो उगाच नव्हे. तेथे ‘आधी’ आणि ‘वर’ हे दोन शब्द एकच काम करतात. आधी जन्मला म्हणून वर, वर आहे म्हणून आधी जन्मला असणार. मी तीस वर्षांपूर्वी जोतीरावांना टाळले त्याचे कारण हेच होते. माझ्या लेखातला विजयाचा शंख त्यांच्या प्रश्नापुढे वाजला नसता.

आता मूळ श्रुतीकडे येतो, कारण सृष्टीच्या क्रमाचा वाद तेथे पुराणांहून जुना आहे. तैत्तिरीय उपनिषदात आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, मग अग्नी, मग पाणी, मग पृथ्वी, वनस्पती, अन्न, आणि अन्नापासून माणूस. छांदोग्यात, सहाव्या अध्यायात, सत् होते आणि त्याने एकदम तेज निर्माण केले, मग पाणी, मग अन्न. आकाशाचे नाव नाही, वायूचे नाव नाही. बृहदारण्यकात तर आरंभी मृत्यू आहे, आणि मृत्यू म्हणजे भूक! ज्यांनी हे सर्व एकत्र जपून ठेवले त्यांना ही विसंगती दिसली नसेल असे कोण म्हणेल? ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या पादाचा आरंभच या भांडणाने होतो: आकाश उत्पन्न झाले की नाही? पूर्वपक्ष सरळ म्हणतो की नाही, कारण तसे श्रुतीत सांगितलेले नाही. सिद्धान्त दोन्ही उपनिषदांचा मेळ घालतो.

परंतु मला अधिक महत्त्वाचे वाटते ते शंकराचार्यांचे पहिल्या अध्यायातले म्हणणे. सृष्टीच्या वर्णनांत क्रमाचे भेद असले तरी बिघडत नाही, कारण सृष्टी कशी झाली हे सांगणे हा त्या वाक्यांचा हेतूच नव्हे. ती ऐकून कोणाचे कल्याण होते असे श्रुतीने कोठे म्हटलेले नाही. हेतू आहे तो मूळ कारणाकडे बोट दाखविण्याचा. त्यांच्या परमगुरूंनी, गौडपादांनी, हे आधीच सांगितले होते. मातीची भांडी, लोखंडाची हत्यारे, ठिणग्या, असे दृष्टान्त देऊन जी उत्पत्ती सांगितली ती एक उपाय आहे, बुद्धीला आत उतरण्यासाठी. आणि तेथे ‘उतरणे’ या अर्थी शब्द कोणता आहे? ‘अवतार’! विष्णूचा नव्हे, ऐकणाऱ्याच्या बुद्धीचा. हा शब्द मी कितीदा तरी वाचला असेन. तो दिसला मात्र नातीने कासव हलविल्यानंतर.

तैत्तिरीयाचा क्रम या दृष्टीने पाहावा. डोळ्यांना न दिसणारे आधी, स्पर्शाला कळणारे नंतर, मग दिसणारे, मग चवीचे, मग हातात घेता येणारे, आणि शेवटी पानात वाढलेला भात नि तो खाणारा. हा काळाचा जिना नाही. जेवणाऱ्या माणसाला पानावरून उठवून आकाशापर्यंत नेण्याचा जिना आहे. छांदोग्यातल्या बापाला आपल्या गर्विष्ठ होऊन परतलेल्या मुलाला दुसरीच गोष्ट शिकवावयाची होती, म्हणून त्याने तीनच पायऱ्या घेतल्या. ऋग्वेदातले नासदीय सूक्त तर देवांनाही सृष्टीनंतरचे ठरविते आणि वरच्या अध्यक्षालाही हे ठाऊक आहे की नाही, अशी शंका घेऊन थांबते. आणि आमच्या समर्थांनी दासबोधाच्या तेराव्या दशकात कर्त्याचे निरूपण करताना गणेशापासून खंडेरावापर्यंत ज्याने त्याने आपापला देव कर्ता ठरविल्याची यादीच दिली आहे. ती वाचताना त्यांच्या ओठांवर हसू असावे असे मला नेहमी वाटते.

ही अडचण आमच्याच घरची नाही. बायबलच्या पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी होतो. वनस्पती नि पशू आधी, मनुष्य शेवटी. दुसऱ्या अध्यायात पुरुष आधी, मग झाडे, मग पशू, आणि मग स्त्री. आमच्या दक्षिणेला, गोव्यातल्या रायतूर येथे १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात पाद्री स्टीफन्स या इंग्रज माणसाने मराठी ओवीत ही उत्पत्तिकथा सांगितली, ती पुराणाच्या घाटात. कारण इकडच्या श्रोत्यांना आरंभाची गोष्ट कोणत्या सुरात ऐकावयाची सवय आहे हे त्याने जाणले होते. गोष्ट ज्याच्यासाठी सांगावयाची त्याच्याकडे पाहून ती मांडावी लागते.

आणि असे मांडणे कसे असते हे पाहावयाचे तर ग्रंथ मिटून आमच्या जत्रेला यावे.

दिवाळी झाली की कार्तिकात आमच्याकडे देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री दशावतारी येतात. परगावच्या माणसाला वाटते की नाव दशावतार, म्हणजे दहा अवतार ओळीने दिसतील. दिसत नाहीत. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, भटजी येतात, सरस्वती येते. मग ब्रह्मदेवाचे वेद चोरावयाला शंखासुर येतो, ज्याला आम्ही संकासूर म्हणतो. विष्णू त्याला मारतो. आणि पूर्वरंग संपून रात्रभराचे आख्यान लागते. दहांतला एकच, तो पहिला. पद्मपुराणातल्या कार्तिकमाहात्म्यात हीच कथा आहे, म्हणून महिनाही जुळतो. म्हणजे आमच्या या रंगभूमीवर आरंभी काय आहे? जग कसे झाले हे नव्हे. पुस्तक चोरीला गेले, हे आहे!

आणि भाषा ऐकावी. देव पुस्तकी मराठी बोलतात. काळ्या वेषातला संकासूर आमच्या घरची मालवणी बोलतो. त्याला संहिता नाही. सुचेल ते बोलावयाचे. लहानपणी बाबांच्या मांडीवर बसून मी एक प्रवेश पाहिला तो अजून विसरलेलो नाही. संकासूर गाणाऱ्या नाईकाला विचारतो, “हे वेद पाण्यात न्हेलय तर भिजतले नाय मां?” नाईक म्हणतो, “अरे मूढा, वेद अपौरुषेय आहेत.” संकासूर जरा विचार करतो. “म्हंजे कागदार नाय?” देऊळभर हशा. बाबाही हसले. मग विष्णूने त्याला मारले, आणि मारला गेला तरी टाळ्या त्याच्याच. बळीची गोष्ट घ्या किंवा ही घ्या, हरलेल्याच्या बाजूला लोकांचे मन कसे जाते हे जोतीरावांनी ग्रंथात लिहिले. आमच्या देवळात ते कोणी न लिहिता होत आले आहे. संकासूर इथला राजा होता की नाही हे मी सांगू शकणार नाही. त्याची भाषा मात्र इथली आहे.

हे सर्व मी नातीला सांगितले तेव्हा तिने एकच विचारले, “मग तक्तो काढूया?”

बाबा जाऊन पुष्कळ वर्षे झाली. ते असते तर वाद घातला असता, आणि बहुधा कासवाच्या मुद्द्यावर हार मानली असती, नरसिंहाच्या मुद्द्यावर नसती. उजवी बाजू, जेथे त्यांनी जीवशास्त्राच्या पायऱ्या लिहिल्या होत्या, ती मी कोऱ्या कागदाने झाकून टाकली आहे. डावी बाजू तशीच ठेवली. तिच्यातले कासव त्यांनी एका पहाटे तारकर्लीच्या वाळूत बसून, अंडी घालून परत निघालेल्या एका खऱ्या कासवावरून काढले होते. त्याचे तोंड समुद्राकडे आहे.